‘काही नाही रे, बायकांचं असतं’ : मॅमोग्राफीच्या त्या प्लेटची गोष्ट

(हे एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. उरले असतील तर सांभाळून घ्या.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसमधून निघून ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. जिथे असाल तिथे इयरफोन नीट लावा. आजचा विषय स्पीकरवर ऐकायला जरा अवघड वाटेल. आणि खरं सांगू का, ते अवघडलेपण हाच आजच्या एपिसोडचा विषय आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. आईला विचारून सांगतोय, तेव्हा काळजी नको.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला घरी गेलो होतो. कपाटात गॅसचं पुस्तक शोधताना एक मोठं पाकीट हाताला लागलं. आत एक्स-रेच्या फिल्म आणि एक रिपोर्ट. मॅमोग्रामचा. तारीख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा सगळं ठीक होतं, पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की वर्षभराने पुन्हा तपासणी करून घ्या. पुन्हा केल्याचा कागद कुठे दिसेना.

मी विचारलं, "आई, हे काय गं?"

आई म्हणाली, "काही नाही रे, बायकांचं असतं." आणि पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

खरी गोष्ट मामीकडून कळली. आईची थोरली बहीण, माझी मोठी मावशी, ब्रेस्ट कॅन्सरने गेली. गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून आई घाबरून एकदा तपासणीला गेली. तिथे मशीनच्या दोन प्लेट्समध्ये स्तन दाबतात हे तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. खूप दुखलं. बाई काही बोलली नाही, फक्त "हलू नका" म्हणाली. घरी आल्यावर आई मामीला म्हणाली, "बाळंतपण परवडलं, पण ते नको." आणि त्यानंतर गेलीच नाही. शेजारीपाजारी तिने सांगितलं होतं, "छातीचा फोटो काढला." बस्स.

आता मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखादं ॲप वापरून युजर परत येत नसेल तर आम्ही युजरला दोष देत नाही, ॲपमध्ये काय चुकलंय ते बघतो. मला वाटलं, एवढं जग पुढे गेलं, आणि हे मशीन अजून माणसाला चिमट्यात का पकडतं? कुणी बनवलं हे? तिथून वाचायला लागलो. आणि वाचता वाचता माझंच मत बदललं. कसं, ते सांगतो.

मशीनच्या आधी काय होतं

साल १८११, पॅरिस. फॅनी बर्नी नावाची इंग्रज कादंबरीकार तिथे राहत होती, वय ५९. तिच्या उजव्या स्तनात गाठ होती आणि दुखायला लागलं होतं. ३० सप्टेंबरला तिच्या घरीच ऑपरेशन झालं. सर्जन होते बॅरन लारे, नेपोलियनच्या सैन्याचे नावाजलेले सर्जन. भूल देण्याचा शोध तेव्हा लागायचा होता. वाइन मिसळलेलं एक औषध तिला प्यायला दिलं, चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला आणि सुरी चालवली. रुमाल इतका पातळ होता की तिला आरपार सगळं दिसत होतं.

बर्नी वाचली. पुढे २८ वर्षांहून जास्त जगली. नंतर तिने बहिणीला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात सगळं सविस्तर आहे. ते लिहायला तिला कित्येक महिने लागले, कारण आठवूनच त्रास व्हायचा. इतिहासात बाईने स्वतःच्या स्तनाच्या दुखण्याबद्दल इतकं उघड लिहिलेलं फार क्वचित सापडतं.

हे का सांगतोय? तर त्या काळी गाठ हाताला लागेपर्यंत, दुखेपर्यंत, कळायचा मार्गच नव्हता. आणि कळल्यावर उपाय एकच, मोठी सुरी. भूल आल्यावरही फार फरक पडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी जे ऑपरेशन रूढ केलं त्यात स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं काढून टाकायचे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच चाललं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या गाठ लपवत होत्या ती फक्त लाजेपोटी नव्हे. दाखवली तर काय होणार हे त्यांना माहीत होतं.

बर्लिनचा सर्जन

१८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म रॉन्टजेन यांना एक्स-रे सापडले. डिसेंबरमध्ये त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला, अंगठीसकट. तो फोटो तुम्ही शाळेच्या पुस्तकात बघितला असेल. हाडं झकास दिसतात. पण स्तनात हाड नसतं. सगळं मऊ, आणि एक्स-रेच्या नजरेने जवळपास सारखंच. त्यात गाठ कशी शोधणार?

हा प्रश्न बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोन या सर्जनने घेतला. ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे त्यांनी एक्स-रे काढले आणि प्रत्यक्ष गाठीशी ताडून बघितले. १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. कॅन्सर आजूबाजूला कसा पसरतो ते एक्स-रेमध्ये दिसतं. आणि काही ठिकाणी बारीक ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे कॅल्शियमचे कण. आज डॉक्टर मॅमोग्राममध्ये जे शोधतात त्यातली ही एक मोठी खूण, आणि ती या माणसाला ११० वर्षांपूर्वी दिसली होती. पण जिवंत बाईच्या तपासणीपर्यंत ते पोहोचले नाहीत.

पुढे काय झालं? सालोमोन ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेत आले आणि त्यांचं विद्यापीठातलं काम गेलं. १९३८ मध्ये त्यांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत टाकलं. तिथून सुटून ते नेदरलँड्सला गेले आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिले. त्यांची मुलगी शार्लोट चित्रकार होती. फ्रान्समध्ये लपून राहत असताना तिने शेकडो चित्रांमधून स्वतःची गोष्ट रंगवली. १९४३ मध्ये तिला आउशवित्झला नेऊन मारलं. ती २६ वर्षांची होती, गरोदर होती. चित्रं वाचली, आणि युद्धानंतर ती तिच्या वडिलांच्या हाती आली.

आज शार्लोटचं नाव कलेच्या जगात मोठं आहे. तिच्या वडिलांचं नाव मात्र मॅमोग्राम काढणाऱ्या लाखो बायकांपैकी क्वचितच कुणी ऐकलं असेल.

प्लेट आली कुठून?

१९३० मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला स्टॅफर्ड वॉरेन यांनी जिवंत बायकांवर काम केलं. बाईला कुशीवर झोपवायचं, हात वर घ्यायला लावायचा आणि दोन कोनांतून फोटो. ११९ जणींचा अनुभव त्यांनी छापला. हेच वॉरेन पुढे अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रोजेक्टचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. इतिहास कुठून कुठे जातो बघा.

पण वॉरेन यांची पद्धत सगळ्यांना जमेना. फोटो धूसर यायचे. उत्तर आलं दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेमधून. १९४९ च्या सुमारास राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून, चपटा करून फोटो काढायला सुरुवात केली, आणि मिठाच्या कणांसारखे कॅल्शियमचे ठिपके स्पष्ट दिसू लागले. आईला चिमट्यात पकडणाऱ्या त्या प्लेटचा उगम हा.

आता दाबायचंच का? इथे मी थोडा इंजिनियर होतो, दोन मिनिटं सहन करा.

मेथी निवडताना आपण काय करतो? जुडी हातात धरून ‘किडकं पान दिसतंय का’ असं बघत नाही. पेपरवर पसरतो. एकावर एक पानं असली की खालचं दिसत नाही. स्तनाचंही तेच. आत दूधग्रंथी, नळ्या, चरबी, सगळं एकावर एक. न दाबता फोटो काढला तर चांगल्या उतींच्या सावलीत गाठ लपते, किंवा दोन चांगल्या गोष्टींची सावली एकत्र येऊन गाठ असल्याचा भास होतो. दाबलं की जुडी पसरते.

दुसरं, जाडी कमी झाली की कमी किरणांमध्ये काम भागतं. म्हणजे दाबल्यामुळे रेडिएशन कमी होतं. तिसरं, जाड गोष्टीतून जाताना किरण इकडेतिकडे विखुरतात आणि फोटोवर धुकं येतं. पातळ केलं की धुकं कमी. आणि चौथं, स्तन हलत नाही. मोबाइलवर हात हलला की फोटो कसा येतो ते वेगळं सांगायला नको. आणि इथे शोधायचा ठिपका मिलिमीटरहूनही लहान असू शकतो.

थोडक्यात, प्लेट हा बग नाही. प्लेटशिवाय मशीन आंधळं आहे. माझा पहिला अंदाज इथेच चुकला.

१९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट इगन यांनी १,००० तपासण्यांचा अनुभव छापला. त्यांची पद्धत दुसऱ्या हॉस्पिटलमधले लोक शिकून तशीच करू शकत होते, ही त्यांची खरी कमाई. तोवर हे सगळं साध्या एक्स-रे मशीनवर चाललं होतं. खास स्तनांसाठीचं मशीन फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकात आलं. नाव ‘सेनोग्राफ’. त्यात मऊ उतींसाठी योग्य असे किरण देणारी मॉलिब्डेनमची नळी होती, आणि दाबायची प्लेट मशीनमध्येच बसवलेली होती. आजच्या मशीनचा सांगाडा तोच.

एक गोष्ट लक्षात आली का? सालोमोनपासून ग्रोपर्यंत मी जी नावं घेतली, ती सगळी पुरुषांची. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्या शरीरावर ही प्लेट येणार होती, त्या या गोष्टीत आतापर्यंत फक्त आकड्यांमध्ये आहेत. ११९ जणी. १,००० तपासण्या.

जीव खरंच वाचतो का?

न्यूयॉर्कचे डॉक्टर फिलिप स्ट्रॅक्स यांची पत्नी बर्था ब्रेस्ट कॅन्सरने गेली. वय ३९. स्ट्रॅक्स यांनी पुढचं आयुष्य या एका प्रश्नाला दिलं: लवकर शोधलं तर बायका वाचतात का? सॅम शपिरो हे संख्याशास्त्रज्ञ आणि लुई व्हेनेट हे सर्जन त्यांच्यासोबत होते.

१९६३ मध्ये त्यांनी एका आरोग्य विमा योजनेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० बायकांचे दोन गट केले. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल, सरळ ए-बी टेस्ट. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताने तपासणीसाठी बोलावलं. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. काही वर्षांनी बघितलं तर बोलावलेल्या गटात ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच आकड्याने. बोलावलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांशच आल्या. पत्रं पाठवली, फोन केले, तरी एक तृतीयांश आल्याच नाहीत. मशीन कितीही चांगलं असलं तरी न येणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

बायका यायला लागल्या त्या वेगळ्याच कारणाने. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना ब्रेस्ट कॅन्सर झाला, आणि त्यांनी तो लपवला नाही. हॉस्पिटलमधून थेट देशाला सांगितलं. काही आठवड्यांतच हॅपी रॉकफेलर यांचंही निदान झालं, त्यांनीही सांगितलं. देशभर तपासणीला रांगा लागल्या. जे विज्ञानाच्या आकड्यांनी झालं नाही, ते एका बाईने मोठ्याने बोलल्यामुळे झालं.

पुढे स्वीडनमध्ये १९७७ पासून लास्लो टाबार यांच्या नेतृत्वाखाली मोठी चाचणी झाली, तिथेही मृत्यू घटलेले दिसले. १९८८ मध्ये ब्रिटनने सरकारी खर्चाने देशव्यापी तपासणी सुरू केली. दरम्यान बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतल्या चाचण्यांनी दाखवलं की लहान गाठ असेल तर सगळा स्तन काढायची गरज नाही. गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. म्हणजे लवकर कळण्याचा फायदा दुहेरी झाला, जीव आणि शरीर दोन्ही.

नाण्याची दुसरी बाजू

आता नुसतं गुणगान केलं तर तुम्ही म्हणाल, हा जाहिरात करतोय. तर दुसरी बाजूही ऐका.

१९७६ मध्ये जॉन बेलर यांनी उघड प्रश्न विचारला की निरोगी बायकांना दरवर्षी एक्स-रे देणं कितपत बरोबर आहे. त्या वादातून किरणांचं प्रमाण खाली आणलं गेलं. आज एका मॅमोग्रामचं रेडिएशन साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असतं. निसर्गातून आपल्याला सुमारे सात आठवड्यांत मिळतं तेवढं.

कॅनडात १९८० पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मॅमोग्राफीचा मृत्यूंवर फायदा दिसला नाही. त्यावर आजही वाद होतात. आणि एक गोष्ट म्हणजे काही कॅन्सर इतके सुस्त असतात की ते सापडले नसते तरी बाईला कधी त्रास झाला नसता. सापडले की उपचार होतात. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये मायकेल मार्मट यांच्या समितीने हिशोब मांडला: तपासणीमुळे एक जीव वाचतो तेव्हा साधारण तीन बायकांचं असं गरज नसलेलं निदान होतं. तरीही एकूण फायदा आहे असं समितीने म्हटलं, पण बायकांना हे आधी सांगा असंही म्हटलं. म्हणून देशादेशांत नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ वयात दर तीन वर्षांनी. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये सांगितलं, ४० ते ७४, दर दोन वर्षांनी.

मग दुखण्याचं काय?

हो, इथेच यायचं होतं.

दुखतं, हे आधी मान्य करू. सगळ्यांना सारखं नाही. कुणाला नुसतं घट्ट वाटतं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी येतं. एकदा खूप दुखलेल्या बायकांपैकी काही जणी परत येत नाहीत, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणजे आई एकटी नाही.

दाबताना ‘किती जोर’ लावला ते मशीन दाखवतं. अमेरिकेच्या नियमात मोटारने लावायच्या जोराची वरची मर्यादा २०० न्यूटन आहे, म्हणजे साधारण २० किलो वजन. पण दुखणं नुसत्या जोरावर नसतं, दाबावर असतं. अकरावीचं फिजिक्स आठवा: दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. १०० न्यूटन जोर १०० चौरस सेंटिमीटरवर पडला तर दाब १० किलोपास्कल. तोच जोर ५० चौरस सेंटिमीटरवर पडला तर २०. म्हणजे सगळ्यांना सारखाच जोर लावला तर लहान स्तनांच्या बाईला दुप्पट दाब. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी नेमकं हेच धरलं आणि जोराऐवजी दाब मोजून थांबायची पद्धत सुचवली, साधारण १० किलोपास्कलवर. एवढी साधी गोष्ट यायला एकविसावं शतक उजाडलं.

दुसरा बदल म्हणजे रिमोट बाईच्या हातात. २०१७ मध्ये अमेरिकेत अशा एका मशीनला परवानगी मिळाली. टेक्निशियन स्तन नीट ठेवून सुरुवात करून देते आणि पुढचा दाब बाई स्वतः बटणाने वाढवते. गंमत म्हणजे हे मशीन त्याच फ्रेंच ‘सेनोग्राफ’ घराण्यातलं. फ्रान्समध्ये पाचशेहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. स्वतः दाबणाऱ्या बायकांना कमी दुखलं आणि फोटो तितकेच चांगले आले. लोकांना भीती होती की बायका नीट दाबणारच नाहीत. बायकांनी नीट दाबलं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय ऐका. या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात दिसलं की आधी पॅरासिटामॉल घेऊन विशेष फरक पडत नाही. काय होणार आहे हे बाईला आधी नीट सांगितलं, तर मात्र त्रास कमी होतो. प्लेटवर मऊ पॅड लावल्यानेही होतो. पण नुसतं सांगणं! त्याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

बग इथे होता.

आणि आपल्याकडे?

भारतात २०२२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आणि सुमारे ९८,००० मृत्यू असा जागतिक अंदाज आहे. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येकीला मॅमोग्राफी देणं सोपं नाही. मशीन महाग, फोटो वाचणारे तज्ज्ञ कमी. शिवाय आपल्याकडे तुलनेने तरुण वयात हा आजार दिसतो, आणि तरुण स्तन घट्ट असल्याने फोटोत सगळंच पांढरं दिसतं.

म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने वेगळा प्रश्न विचारला: मशीनशिवाय जमेल का? डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अभ्यास सुरू झाला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. अर्ध्या बायकांची प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या. असे चार फेरे. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या. सगळ्या वयांचा मिळून फायदा ठामपणे म्हणावा इतका नव्हता, पण ५० च्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. प्लेट नाही, किरण नाहीत. एक शिकवलेला हात आणि ओळखीची बाई.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी सांगितली आहे. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात विचारा.

आई परत गेली

मी हे सगळं वाचून आईला समजवायला गेलो. आकडे सांगितले, रॉन्टजेन सांगितला. आई म्हणाली, "बरं. जेवून घे आता."

काम झालं ते मामीमुळे. मामी म्हणाली, "चला ताई, मीपण करते. दोघी जाऊ." माझ्याकडून आईने एकच गोष्ट घेतली, मेथीची. ती तिला पटली.

यावेळी वेगळ्या ठिकाणी गेल्या. आधी फोन करून विचारलं, टेक्निशियन बाईच आहे ना? जुनं पाकीट बरोबर नेलं, म्हणजे डॉक्टरांना आधीचे फोटो ताडून बघता येतात. अंघोळीनंतर पावडर लावायची नाही हे कळल्यावर आईला नवल वाटलं. पावडर, डिओचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात. आणि आत गेल्यावर आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाली, "मागच्या वेळी मला फार दुखलं होतं."

त्या ताईंनी खुर्ची पुढे केली आणि सांगितलं. एकूण चार फोटो, प्रत्येक बाजूचे दोन. प्रत्येक वेळी दाब काही सेकंदच. फोटो निघाला की प्लेट आपोआप सुटते. खांदा सैल सोडा. सहन नाही झालं तर ‘थांबा’ म्हणा, मी थांबते.

संध्याकाळी मी फोन केला. "दुखलं का गं?"

"दुखलं. पण मागच्यासारखं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या वेळी मला वाटलं, मशीन अडकलंय. आता हे सुटतच नाही."

मंडळी, मी दहा मिनिटं काही बोललो नाही. तीन वर्षं ती हे मनात घेऊन होती. आणि ‘काही सेकंदांत आपोआप सुटतं’ हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली नाही. दोन दिवसांनी केंद्रातून फोन आला, उजव्या बाजूचा अजून एक फोटो आणि सोनोग्राफी करायची आहे. घरात कुणाला जेवण गेलं नाही. मोठ्या मावशीचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती. नंतर वाचलं की ब्रिटनमध्ये तपासणीनंतर शंभरातल्या साधारण चार जणींना परत बोलावतात, आणि त्या चारांपैकी एकीलाच कॅन्सर निघतो. हेही आधी माहीत असतं तर ते दिवस थोडे सोपे गेले असते. आईची ती साधी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी या. आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. ‘छातीचा फोटो’ असंच, पण लिहिलंय.

जाता जाता, कामाच्या गोष्टी

पाळी चालू असलेल्या बायकांनी शक्यतो पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घ्यावी, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. वर-खाली वेगळे कपडे घातले की फक्त वरचे काढावे लागतात. फार भीती असेल तर बधिर करणाऱ्या जेलबद्दल डॉक्टरांना विचारा. लिडोकेनच्या जेलने त्रास कमी झाल्याचं एका अमेरिकन अभ्यासात दिसलंय, पण मनाने लावू नका. गरोदर असाल किंवा शंका असेल, तर आधी सांगा. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर कधीपासून, किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांनाच विचारा. आणि गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणि माझ्यासारख्या मुलांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. आई ‘बायकांचं असतं’ म्हणाली की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कपाटातलं पाकीट एकदा उघडून तारीख बघा. तुम्हाला बोलता येत नसेल तर मामीला, काकूला, बहिणीला सांगा. तेही नाही जमलं, तर हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका आणि खाली काही लिहू नका. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

चला, आईचा फोन येतोय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!